आक्काला बोलता येईल एवढा अ‍ॅम्प

आमच्या दाजींनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या लग्नात आवाज करण्यात घालवलं. आवाज म्हणजे भांडण नव्हे, बँजो. वरातीच्या गाडीवर कर्णे बांधलेले असतात, त्यांच्या मधोमध एक माणूस बटणांचा बँजो मांडीवर घेऊन बसलेला असतो आणि त्याच्या बोटांवर अख्खी वरात नाचत असते. तो माणूस म्हणजे आमचे दाजी, श्रीमंत बंडगर. लग्नसराईत ते बँजो पार्टीत आणि एरवी सोलापुरात विजापूर रोडच्या आतल्या गल्लीत, स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत, लोकांच्या कपड्यांना इस्त्री करण्यात. दोन्ही कामं ते सारख्याच निष्ठेनं करायचे.

मी इंद्रजीत. सात रस्त्याजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दाजींची बायको फुलाबाई ही माझी थोरली बहीण. मी तिला आक्का म्हणतो. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला कळतं ते एवढंच, की वरात दुकानासमोरून गेली की गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकू येत नाही आणि माझं डोकं फिरतं. एकदा मी चिडून बाहेर आलो तर गाडीवर दाजीच. त्यांनी मला बघून हात केला आणि आवाज आणखी वाढवला. असा आमचा जिव्हाळा.

तर अशा माणसाचे कान गेले. एकदम नाही गेले. आधी त्यात रातकिडे ओरडायला लागले, दिवसाढवळ्या. मग आक्का हाक मारायची आणि हे इस्त्री फिरवतच राहायचे. तिला वाटायचं, मुद्दाम करतात. संसारात तशी शंका येतेच. शेवटी मीच त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना काचेच्या पेटीत बसवलं, आलेख काढला आणि सरळच सांगितलं, "जे गेलं ते परत येणार नाही. राहिलंय ते मात्र टिकवता येईल. कर्ण्याजवळ बसणं बंद. हेडफोनही नको. पावसाळा संपला की पुन्हा तपासू. तेव्हा रेष आणखी खाली आली असेल, तर मग यंत्र लावायची तयारी ठेवा."

दाजींनी त्याच आठवड्यात पार्टी सोडली. पार्टीच्या मालकानं जाताना त्यांना एक इलेक्ट्रिक गिटार दिली. कधीकाळी हौसेनं घेतलेली, वरातीत कुणी न विचारलेली. दाजींना ती थोडीफार यायची. आता ती गिटार इस्त्रीच्या टेबलामागं खिळ्याला लटकली आणि दाजींनी बोलणंच सोडलं.

आक्कानं मला फोन करून सांगितलं, "इंद्रा, घर कसं मुकं झालंय रं. मी एकटीच बोलतीया. त्येंना ऐकू येतंय का न्हाय तेबी कळंना. बरं, ऐकू आलं तरी त्वांड उघडत न्हाईत."

मी त्यांना दुकानात आणून बसवायला लागलो. काम काही नाही, नुसतं बसायचं. एके दिवशी मी मोबाइलवर काहीतरी बघत होतो, ते संपलं आणि त्याच्यामागनं आपोआप दुसरंच सुरू झालं. अमेरिकेतला कुणी एक काळा म्हातारा लाकडी पायरीवर बसून गिटार वाजवत गात होता. मी बंद करणार तेवढ्यात दाजींनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या."

म्हातारा एक ओळ गायचा. मग तीच ओळ परत गायचा. मग तिसरी ओळ टाकून मोकळा व्हायचा. आणि प्रत्येक ओळ संपली की तो गप्प बसायचा आणि गिटार बोलायची. मला शब्द कळले नाहीत आणि दाजींना तर इंग्रजीचा गंधही नाही. पण ते पुढं सरकून बसले होते.

"मेव्हणं, ह्यो आपल्यातलाच हाय की."

"कसा काय?"

"आवो, ह्यो ओवी म्हणतोय. आन झील कोन धरतंय बघा. गिटार धरतीया."

हे मला कळलं, कारण आम्ही दोघंही सांगोल्याकडच्या धनगराच्या घरातले. आमच्याकडे ओवी एकटा म्हणत नाही. म्हणणारा पुढं असतो आणि त्याच्यामागं झेलकरी. म्हणणाऱ्यानं ओळ सोडली की ती पडू न देता झेलकऱ्यांनी उचलायची. दाजींचे वडील रावजी हे त्यांच्या मुलखातले नावाजलेले ओवी म्हणणारे. पोरगा असताना दाजी त्यांच्यामागं झील धरायचे आणि जोशात येऊन बापाच्या आवाजावर आवाज चढवायचे. त्याबद्दल त्यांनी मेंढरं हाकायच्या काठीचा मारही खाल्लेला आहे. झील धरणाऱ्यानं म्हणणाऱ्याच्या वर जायचं नाही, हा तिथला कायदा.

असल्या गाण्याला ब्लूज म्हणतात, हे मी मोबाइलवरच वाचून त्यांना सांगितलं. त्यांनी नाव ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. पण घरी जाऊन गिटार खिळ्यावरनं काढली. रोज दुपारी ते दुकानात येऊन त्या म्हाताऱ्याला ऐकायचे आणि संध्याकाळी घरी बसून बोटं घासायचे. आता या गिटारीची गंमत अशी, की अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी, नसला तर ती नुसतीच टिकटिक करते. चांगल्या कानालाही जेमतेम ऐकू येते, मग दाजींना काय येणार? ते लाकडाला हनुवटी टेकवून वाजवायचे. हाडातनं तरी आवाज यावा म्हणून.

ते बघवेना म्हणून मीच आक्काजवळ विषय काढला, एक छोटा अ‍ॅम्प आणू या. आक्का पिठाचा हात घेऊनच माझ्यावर धावून आली.

"त्या कर्ण्यानं कान खाल्लं आन तू आनि दुसरा आनतोस व्हय?"

"आक्का, छोटा असतो गं. घरात वाजवायचा."

"आन ऱ्हायल्यालं कानबी गेलं तर? मी काय भिंतीसंगं बोलू? एवढी वर्सं मी बोलतीया आन त्ये ऐकत्यात, त्यावर तर चाललंय आमचं."

हे ती भांडणाच्या सुरात बोलली आणि पीठ मळायला परत बसली. शेवटी कबूल झाली, एका अटीवर. रातकिडे वाढले, तर त्या दिवशी अ‍ॅम्प घराबाहेर जाईल आणि गिटार माळ्यावर चढेल. पुन्हा नाव काढायचं नाही. दाजींनी मान हलवली.

सात रस्त्याला माझ्या दुकानापासून चार पावलांवर शरणबसव यांचं वाद्यांचं दुकान आहे. तबले, पेट्या, भजनी मंडळाचे टाळ आणि एका कोपऱ्यात गिटारी. दाजी आत गेले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ह्यातलं मोठ्ठं मशीन कुटलं?" बँजोवाले अ‍ॅम्पला मशीन म्हणतात.

"घरात वाजवायचं म्हणाला न्हवं तुमी?" शरणबसव म्हणाले.

"घरातच. पर दम पायजे की."

आणि मग दाजींनी अ‍ॅम्प पारखायला सुरुवात केली, ती त्यांना येत होती त्याच पद्धतीनं. वरातीत आवाज लावायची एक रीत आहे. एक जण गाडीवर वाजवत राहतो आणि दुसरा चालत चालत पार पुढं, नवरदेवाच्या घोड्यापर्यंत जातो. तिथनं नीट ऐकू आलं तर हात खाली, नाही आलं तर हात वर. दाजींनी गिटार माझ्या गळ्यात अडकवली, जाडी तार दाखवून म्हणाले, "ही अशी वडत ऱ्हावा," आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या चहाच्या टपरीजवळ जाऊन उभे राहिले.

मध्ये सात रस्त्याची सगळी रहदारी. रिक्षा, एसटी, उसाचा ट्रॅक्टर. मी दुकानाच्या दारात उभा राहून एकच तार ओढतोय, माझं गिऱ्हाईक झेरॉक्स घ्यायला येऊन माझ्याकडे बघतंय आणि पलीकडनं दाजी हात वर करतायत. आणखी वर. आणखी. चौकातला पोलीस दोनदा वळून बघून गेला. त्याला वाटलं असेल, हा कोण रहदारी हाकतोय. चार अ‍ॅम्प झाले. चौथ्याला तबल्यांच्या वाद्या थरथरायला लागल्या, तेव्हा कुठं पलीकडचा हात खाली आला.

"ह्ये घ्या," दाजी येऊन म्हणाले. "तितपतूर सुदीक सवच्छ येतंय."

शरणबसव माझ्याकडे बघत होते, मी शरणबसव यांच्याकडे. आम्ही दोघांनीही सांगायला पाहिजे होतं, पण एवढ्या दिवसांनी दाजी हसत होते. शरणबसव यांनी तो चौथा बांधून दिला.

घरी अ‍ॅम्प इस्त्रीच्या टेबलाशेजारी ठेवला. दाजींनी तार छेडली आणि आतल्या खोलीतल्या मांडणीवरच्या ताटल्या वाजल्या. एक वाटी खाली आली. शेजारच्या शिवम्मा, अक्कलकोटकडच्या, निम्मं कानडी बोलणाऱ्या, दारात येऊन उभ्या राहिल्या. "एन्री, मदुवे एल्ली?" लग्न कुठं आहे, म्हणून विचारत होत्या. आक्कानं हात जोडले.

मग दाजींनी आवाज कमी केला. तर त्यातला प्राणच गेला. मोठ्या अ‍ॅम्पचं हे असंच असतं म्हणे. तो मोकळा सोडला तर बोलतो आणि दाबून ठेवला तर तोंडावर गोधडी घेतल्यासारखा घुमतो. म्हाताऱ्याच्या गिटारीत ती एक घोगरी धार होती, रडून झाल्यावर माणूस बोलतो तसली, ती काही केल्या यायची नाही. ती यावी म्हणून दाजींचा हात बटणाकडे जायचा. रोज जरासा. कर्ण्याजवळ बसलेल्या माणसाच्या हाताला ती सवयच असते.

आणि एका संध्याकाळी आक्का भाजीला गेली होती, ती परत आली तर गॅसवर कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होता, डाळ करपल्याचा वास सुटला होता आणि शेजारच्याच खोलीत बसलेल्या दाजींनी वर बघून विचारलं, "झाली का गं शिट्टी?"

आक्कानं आधी गॅस बंद केला. मग अ‍ॅम्पची पिन उपसली. मग खाली बसली आणि रडली. दाजींनी कबूल केलं, की रातकिडे आठवडाभर वाढलेत. ते लपवून ठेवलं होतं.

मी पोचलो तेव्हा अ‍ॅम्प दारात आणि दाजी भिंतीकडे तोंड करून बसलेले. आता सगळं संपलं, असंच मला वाटलं. गिटार माळ्यावर चढवायला मी स्टूलही शोधायला लागलो होतो. पण आक्का मला थांबवून दाजींसमोर जाऊन उभी राहिली, म्हणजे त्यांना ओठ दिसतील अशी.

"ऐका. यकडाव आनि जाऊ. मीबी येनार. मी तितं बसून इंद्रासंगं बोलनार, घरात बोलते तसंच. ज्या मशीनम्होरं मला आवाज चढवाय लागंल, त्ये घरात न्हाय येनार. आन तसलं मशीन दुकानात नसलं, तर मग गिटारीचं नाव काडायचं न्हाय. व्हय का न्हाय, बोला."

"व्हय," दाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात फारशी आशा नव्हती. आणि त्यांनी पुढं आणखी एक वाक्य जोडलं, "पर त्यात जीव असाय पायजे, फुला. मुडदा घरात आनून काय करू?"

म्हणजे आता अटी दोन झाल्या. अ‍ॅम्प मोकळा सुटला पाहिजे आणि आक्काला आवाज चढवावा लागता कामा नये. मला तर हे जमेलसं दिसत नव्हतं.

शरणबसव भले गृहस्थ. मोठा अ‍ॅम्प परत घेताना कुरकुरले नाहीत, उलट म्हणाले, "मला म्हाईत होतं बघा ओ, हे माघारी येनार." मला त्या क्षणी त्यांचा राग आला, पण माहीत तर मलाही होतं. त्यांनी आक्काला खुर्ची दिली. आक्का बसली, पदर सारखा केला आणि वळसंगच्या आमच्या मावशीच्या सुनेचं सांगायला लागली. हे सांगणं लांबलचक असतं, म्हणून तिनं मुद्दाम निवडलं असावं.

पहिल्यांदा निघाला एक चकचकीत अ‍ॅम्प, त्याच्या पोटात निरनिराळे आवाज भरलेले. बटण फिरवलं की दुसरीच गिटार, आणखी फिरवलं की तिसरी. मोबाइललाही जोडता येत होता. आवाज अगदी कमी ठेवला तरी सगळं स्पष्ट. आक्काचं बोलणं अडलं नाही. मला वाटलं, झालं काम. दाजींनी सगळी बटणं फिरवून बघितली आणि मान हलवली.

"ह्यात पावनं लई हायत. घरचं कोन न्हाय."

मग एक एवढासा, पट्ट्याला अडकवायचा, बॅटरीवरचा. तो डब्यात अडकलेल्या माशीसारखा वाजला. आक्कानं बोलता बोलताच नाक मुरडलं. मग एक मधल्या आकाराचा. त्याचा आवाज जरा उघडला तसा आक्काचा आवाज चढला. "सुनंनं मग सासूला..." इथं ती थांबली आणि तिनं नुसता हात वर केला. दाजींनी स्वतःच तो बंद केला. त्यांनी गिटार गळ्यातनं काढून काउंटरवर ठेवली.

"चला. बगून झालं."

ते अगदी साधेपणानं म्हणाले. आक्का उठली नाही. तिलाही, एवढी अट घालूनसुद्धा, उठवेना. मी शरणबसव यांच्याकडे बघितलं. ते वर फळीकडे बघत होते.

"एक हाय तसा," ते म्हणाले. "पर ते कोन घेत न्हाय ओ. पोरं येतात, वाजवून हसतात. आवाजच न्हाय त्याला."

तबल्याच्या खोळी बाजूला सारून त्यांनी एक लहानशी लाकडी पेटी खाली काढली. धुळीनं माखलेली. जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह आत असलेली. मागच्या बाजूला एक खटका होता. तो खाली केला की आधीच थोडकी असलेली ताकद आणखी कमी व्हायची. शरणबसव यांनी खटका खाली केला आणि पिन लावली. दाजींनी केवळ त्यांचं मन राखायला म्हणून गिटार उचलली, तार छेडली. काही नाही.

"बंदच हाय की," आक्का म्हणाली.

"तापू द्या ओ. काच तापाय लागते."

आम्ही सगळे त्या पेटीकडे बघत बसलो. मग दाजींनी पुन्हा तार छेडली आणि आवाज आला. लहान, पण गोल. दाजींनी बटण अर्ध्यावर नेलं. मग हात तिथं थांबला. त्यांनी आक्काकडे बघितलं. आक्कानं सुनेची गोष्ट पुढं सुरू केली. दाजींनी बटण पार शेवटापर्यंत फिरवलं.

आणि ती धार आली. घोगरी. म्हाताऱ्याच्या पायरीवरची. मलासुद्धा कळली, म्हणजे बघा. अ‍ॅम्प पूर्ण मोकळा सुटला होता आणि आक्का आपली बोलतच होती, घरी बोलते तश्शी. सून सासूला काय म्हणाली, याचा शब्दन् शब्द मला ऐकू येत होता.

दाजी एकदम उठले. गिटार माझ्या हातात कोंबली आणि दाराकडे निघाले.

"कुटं निघालात?" आक्कानं विचारलं.

"रस्त्यापल्याडनं ऐकून येतो."

"तिकडं कोन ऱ्हातंय आपलं?"

दाजी दारातच उभे राहिले. समोर रहदारी, पलीकडे ती टपरी. ते जरा वेळ तिकडं बघत राहिले आणि मग हसायला लागले, असे की डोळ्यांत पाणी आलं. परत आले, गिटार घेतली आणि आक्काच्या खुर्चीसमोर खालीच बसले, अ‍ॅम्पला पाठ टेकवून. आणि गायला लागले. वडील गेल्यापासून त्यांना गाताना मी ऐकलं नव्हतं.

मेंढरं गेली इकून, कुत्रं बसलंय दारी,
मेंढरं गेली इकून, कुत्रं बसलंय दारी,
कोन सांगल त्येला, येत न्हाईत माघारी.

ही गोष्ट आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. रावजींनी कळप विकून सोलापूरची वाट धरली, तेव्हा मेंढरांमागचं कुत्रं त्यांना कोंडायच्या रिकाम्या वाड्याच्या तोंडाशी बसून राहिलं होतं. घरात कुणी कधी त्यावर बोललं नाही. आता दाजी एक ओळ म्हणायचे आणि थांबायचे, आणि गिटार ती ओळ उचलायची. वर न जाता. त्यांच्या गळ्याइतकीच. काठी घेऊन उभे असलेले रावजीसुद्धा खूश झाले असते.

आक्काचं बोलणं थांबलं होतं. आवाज चढवावा लागला म्हणून नव्हे.

"ह्ये बांधून द्या," ती शरणबसव यांना म्हणाली. "आन चिकटपट्टी हाय का?"

घरी गेल्या गेल्या तिनं पहिलं काम केलं ते म्हणजे मागचा तो खटका खालच्या बाजूला ठेवून त्यावर चिकटपट्टी लावली. एकावर एक, चांगली जाड. शिवम्मा बघायला आल्या, पाच मिनिटं बसल्या, मान डोलावली आणि लग्नाचं काही विचारलं नाही.

पावसाळा गेला तसा आक्काचा जीव टांगणीला लागला. दाजी रोज संध्याकाळी वाजवत होते. रातकिडे होते तेवढेच आहेत असं सांगत होते, पण एकदा त्यांनी लपवलं होतं. तपासणीच्या दिवशी मी दोघांना घेऊन गेलो. दाजी काचेच्या पेटीत बसले, हातात ते बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. बाहेर आक्का त्यांच्या अंगठ्याकडे टक लावून बसली होती. अंगठा दबला की हिचा श्वास सुटायचा. मध्ये बराच वेळ तो दबलाच नाही. आक्कानं माझा दंड एवढा घट्ट धरला की बोटं उमटली. मग दबला.

डॉक्टरांनी जुना आलेख आणि नवा आलेख शेजारी शेजारी धरले. दोन्हीकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. डॉक्टर लोकांना हे कुठं शिकवतात कळत नाही. त्यांचा चष्मा ओढून घ्यावा असं मला वाटलं.

"आहे तिथंच आहे," ते म्हणाले. "अजिबात खाली आलेलं नाही. काय करता घरी?"

"गिटार वाजवतो," दाजी म्हणाले.

डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. "आणि आवाज?"

"हिला बोलता येईल एवढा," दाजींनी आक्काकडे बोट केलं.

"मग चालू द्या."

आक्का जिना उतरून खाली आली आणि भर रस्त्यात तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. आनंद झाला की ती हेच करते, लहानपणापासून. दाजी पुढं चालत होते. तिनं मागनं, घरातल्या साध्या आवाजात, हाक मारली, "अवो, दमानं चाला की." रिक्षांच्या गोंगाटात दाजी थांबले आणि वळले. मला एवढं हलकं वाटलं, की मी दोघांना उसाचा रस पाजला आणि स्वतः दोन ग्लास प्यालो.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच जेवायला थांबलो. पुढच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाजवळ दाजी अ‍ॅम्प लावून बसले, काच तापायची वाट बघून सुरू झाले. कुत्र्याच्या ओवीत आता आणखी कडवी आली होती. आत आक्का भाकरी थापत होती, थाप थाप थाप. थोड्या वेळानं आतनं हाक आली.

"अवो, जरा वाडवा की! भाकरी थापताना न्हाय ऐकू येत."

मी दाजींकडे बघितलं, दाजी माझ्याकडे. हे ऐकण्यासाठी तरी त्यांचे कान शाबूत राहायला पाहिजे होते.

"फुल हाय गं," दाजी म्हणाले. "ह्याच्याफुडं जात न्हाय. खटक्याला तूच चिकटपट्टी लावलीयास."

आतली थाप थांबली. मला वाटलं, येते आता पट्टी काढायला. ती आली खरी, पिठाचे हात पदराला पुसत. पट्टीला तिनं हातही लावला नाही. गॅस बंद करून आली होती. दाजींसमोर खाली बसली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाकरी. म्हना तुमी."